एट्नाच्या अंगणातली चोरओटी

एट्ना ज्वालामुखीच्या पायथ्याशी गाडी वळणं घ्यायला लागली, तेव्हा मागच्या सीटवरच्या दोन बायकांना या सहलीतून काय मिळवायचं होतं, याचा मी मनातल्या मनात हिशेब मांडला. माझ्या बायकोला, प्रमिलाला, हवं होतं लेकीचं बाळंतपण. एप्रिलमध्ये इथं येऊन राहायचं, बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचं, डिंकाचे लाडू वळायचे आणि मग उरलेलं आयुष्य 'माझ्या हातावर आलं हो पोर' असं सांगत सांगलीभर हिंडायचं. तिच्या शेजारी बसलेल्या विहीणबाईंना, म्हणजे आमच्या जावयाच्या आईंना, हवं होतं तंतोतंत तेच. त्या फक्त मिरजभर हिंडल्या असत्या.

माल एक आणि गिऱ्हाइकं दोन. कारण लेक ऋजू आणि जावई निनाद राहत होते त्या इटलीतल्या कातानिया शहरातल्या फ्लॅटमध्ये जादाची खोली एकच होती आणि तिच्यात पलंगही एकच. तोही असा, की कूस बदलायची तर आधी उठून उभं राहावं. तेव्हा एकीनं बाळंतपणाला यायचं आणि ती परतली की दुसरीनं, असं पोरांनी ठरवलं होतं. आधी कोण, हे मात्र "तुम्ही दोघींनीच ठरवा" म्हणून सोडून दिलं होतं. शिकलेली माणसं अशा चुका करतात.

आम्ही तिघं ऑक्टोबरात त्यांच्याकडे आलो होतो. ऋजूला तिसरा महिना होता. आल्या दिवसापासून ठरवण्याचा कार्यक्रम रोज जेवणानंतर व्हायचा, तो असा:

"तुम्हीच या हो, माई. नातवंड तुमच्या घराण्याचं."

"छे छे, प्रमिलाताई. पहिलं बाळंतपण माहेरचं. मी कशाला मध्ये येऊ?"

"असं कसं? एकुलता एक मुलगा तुमचा."

"मग ऋजूला काय चार भावंडं आहेत?"

उभी नोकरी मी सहकारी संस्थांच्या हिशेबतपासणीत काढली. खिशात राजीनामा घेऊन फिरणारे चेअरमन मी पुष्कळ पाहिलेत. ते राजीनामा सगळ्यांना दाखवतात, देत कुणालाच नाहीत. या दोघींचं तसंच चाललं होतं. एकीनं चुकून "बरं, येते मी" म्हटलं असतं, तर दुसरी तोंडानं "वा वा" म्हणाली असती आणि सांगलीला परतल्यावर माझं जेवण अळणी झालं असतं.

"बाबा, तो बोर्ड बघा," गाडी चालवता चालवता निनाद म्हणाला. रस्त्याच्या कडेला एका पाटीवर नुसतं साल लिहिलं होतं. "त्या साली लाव्हा इथून वाहत गेला. पुढे अजून पाट्या लागतील. इथली माणसं शेताचा पत्तासुद्धा सालावरून सांगतात."

दोन्ही बाजूंना काळ्या दगडांचे ढीग, काळ्या दगडांचे बांध, बांधांमागे द्राक्षांचे वेल, मध्येच काळ्या दगडांचं चर्च. ग्रीक आले, रोमन आले, अरब आले, असं निनाद सांगत होता. मला त्यातून एवढंच कळलं, की इथं भाडेकरू बदलत गेले, मालकीण तीच राहिली. तिच्या मनात येईल तेव्हा ती खाली उतरते, घर रिकामं करून घेते, आणि ती थंड झाली की ही माणसं पुन्हा तिच्याच दारात चूल मांडतात.

"वेडीबिडी आहेत का रे?" मी विचारलं.

"द्राक्षं चांगली येतात, बाबा."

"इथं तिला कुणी नावानं हाक मारत नाही," ऋजू पुढच्या सीटवरून मागे वळून म्हणाली. "नुसतं 'ती' म्हणतात. आज ती गप्प आहे, आज तिचं काही खरं नाही, असं."

'ती' म्हटल्याबरोबर मागे दोघींचे हात एकदम जोडले गेले. डोंगर बाई निघाला म्हणजे देवी आलीच, आणि देवीपुढे दुसरीच्या आधी हात जोडले जाणं महत्त्वाचं. माझ्या मते ती फेरी बरोबरीत सुटली.

गाडी एका मोकळ्या जागी थांबली. तिथून पायवाट जुन्या लाव्हावरून जात होती. ऋजूच्या ऑफिसातल्या मैत्रिणीची आजी वरच्या अंगाला राहायची. तिला सगळे 'नोन्ना', म्हणजे आजीच, म्हणायचे. तिच्याकडे आमचं जेवण होतं. निनाद खालच्या गावात जाऊन गाडीत पेट्रोल भरणार होता आणि मागून येणार होता. मी माझी पिशवी गाडीतच ठेवली, कारण दोन्ही विहिणींनी आपापल्या पिशव्या माझ्या दोन खांद्यांना लटकवल्या.

"सांभाळून हं," प्रमिला म्हणाली.

"आपटू नका हं भाऊ," माई म्हणाल्या.

दोघींच्या आवाजात जरा जास्तच काळजी होती. थोडं चालल्यावर कारण कळलं. पाऊल खडबडीत दगडावर पडलं, की डाव्या पिशवीतून पाण्याचा डुबुक असा आवाज यायचा. मी थांबलो, डावा खांदा स्थिर ठेवला आणि उजवा हलवला. उजवीकडूनही डुबुक.

दोन्ही पिशव्यांत नारळ होते.

मग सगळा व्यवहार लख्ख दिसला. तिसऱ्या महिन्यात, बाहेर बभ्रा होण्याआधी, घरातल्या बाईनं पोटुशीची गुपचूप ओटी भरायची, तिला आमच्याकडे चोरओटी म्हणतात. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. कार्यक्रम छोटा, पण त्यातली मेख मोठी. जिनं चोरओटी भरली, तिचा पुढच्या सगळ्या कौतुकावर पहिला हात. फ्लॅटमध्ये दोघी अष्टौप्रहर एकमेकींच्या नजरेसमोर, त्यामुळे गुपचूप काही करायला जागा नव्हती. म्हणून दोघींनी स्वतंत्रपणे, एकमेकींना पत्ता न लागू देता, ज्वालामुखी निवडला होता. प्रमिलाचा नारळ कातानियाच्या बाजारातला असणार, कारण परवा ती एकटीच 'जरा पाय मोकळे करून' आली होती. माईंचा कुठला, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

"हा दगड कुठंतरी पाहिलाय," माई वाकून म्हणाल्या.

"आपला सह्याद्री याच जातीचा, माई," ऋजू म्हणाली. "तोही लाव्हाच."

"म्हणजे विमानानं इतक्या लांब येऊन पाटा-वरवंटाच बघायचा."

प्रमिला खळखळून हसली. एरवी विहिणीच्या विनोदाला ती जावई समोर असेल तरच हसायची, आणि जावई तर अजून खालीच होता. मला जरा आश्चर्य वाटलं.

वाटेत दोघींनी एकेक प्रयत्न केला. प्रमिला म्हणाली, "ऋजू, तिकडे त्या झुडपामागं काय पिवळं फुललंय गं? चल बघू." लगेच माई म्हणाल्या, "मलाही फुलांची भारी आवड." पुढे माईंनी ऋजूला पाणी प्यायच्या निमित्तानं मागे थांबवलं, तर प्रमिलालाही तहान लागली. ऋजू दोघींच्या मधून चालत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. माझी मुलगी आहे ती. चेहऱ्यावर काही दिसत नाही, तेव्हा आत बरंच चाललेलं असतं.

नोन्नाचं घर काळ्या दगडाचंच, बुटकं. अंगणात लिंबाचं झाड, लाकडी टेबल, आणि अंगण संपतं तिथं एकदम उभी राहिलेली काळी दरड. लाव्हा तिथवर येऊन थांबला होता. घर आणि दरड यांच्यामध्ये एक खाट मावेल एवढीच जागा. दरडीच्या खबदाडांतून कोंबड्या ये-जा करत होत्या. नोन्ना ठेंगणी, काळ्या झग्यातली, नव्वदीच्या आसपासची. आल्या आल्या तिनं ऋजूच्या पोटावर हात ठेवला आणि दोन्ही विहिणींकडे बघून बोटानं विचारलं: आई कुठली, सासू कुठली? सांगितल्यावर ती मोठ्यांदा हसली. हे हसणं सगळ्या देशांत सारखंच असावं.

जेवण झालं. वांग्याचं काहीतरी आणि पाव. "आपल्या भरताच्या जवळ जातंय," माई म्हणाल्या. "फोडणी मात्र विसरली," प्रमिला म्हणाली. दोघींचं एवढ्यात दुसऱ्यांदा एकमत झालं होतं.

मग नोन्ना दरडीकडे बोट करून बोलू लागली. चार-पाच वाक्यं. बोलता बोलता हसली, एका हाताचं कोपर दुसऱ्या हातानं चोळून दाखवलं, मुठीएवढा आकार दाखवला आणि पुन्हा हसली.

"काय म्हणते?" प्रमिलानं विचारलं.

ऋजूनं पाण्याचा घोट घेतला. क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"ती सांगतेय, तिच्या तरुणपणी लाव्हा आला तेव्हाचं. तिला दिवस होते. घरात नोन्नाच्या आजोबांनी केलेला अक्रोडाच्या लाकडाचा पाळणा होता. गाव रिकामं करायचं ठरलं तेव्हा तिची आई आणि सासू दोघी इथं होत्या. दोघींच्या मनात, पाळणा आपण न्यावा. म्हणजे बाळ आपल्याकडे येणार."

दोन्ही विहिणी सावरून बसल्या.

"मग?" माईंनी विचारलं.

"मग काय, दोघीही रीतीभातीच्या. आई म्हणाली, तुम्ही घ्या, तुमच्या घरचं बाळ. सासू म्हणाली, छे, तुम्ही घ्या, तुमची लेक. तुम्ही घ्या, नको तुम्ही घ्या. शेवटी लाव्हा आला दारात आणि दोघी तशाच रिकाम्या हातांनी पळाल्या."

"आणि पाळणा?"

"त्या दरडीखाली आहे. ओढून काढायला गेली तेव्हा हिचं कोपर भाजलं. बाळ झालं ते लोकांच्या घरात, कपड्यांच्या टोपलीत निजवलं."

मी नोन्नाकडे पाहिलं. पाळणा जळालेली बाई अजून हसत होती आणि पावाचे तुकडे कोंबड्यांना टाकत होती. तिनं काढलेली वाक्यं चार-पाच, आणि ऋजूच्या भाषांतरात अख्खा पाळणा मावला होता. पावती एवढीशी आणि नोंद एवढी मोठी असली, की माझं बोट आपोआप त्या जागी थांबतं. तेवढ्यात, नोन्नाचं आणि ऋजूचं बोलणं ऐकत वर आलेला निनाद गोंधळून म्हणाला, "पण ऋजू, ती तर..."

"निनाद, तू जरा कोंबड्या बघून ये ना," ऋजू म्हणाली.

"कोंबड्या?"

"हो. किती छान आहेत बघ."

निनाद कोंबड्या बघायला गेला. लग्नाला दोन वर्षं झाली होती, तेवढं कळायला पुरेसं.

इकडे प्रमिला उठली, माझ्या खांद्यावरची आपली पिशवी काढून घेतली आणि टेबलावर एकेक वस्तू मांडली. हिरवा खण, तांदळाची पुडी, हळकुंड, सुपारी, आणि नारळ. परदेशी बाजारातला, घासूनपुसून गुळगुळीत केलेला, बिनशेंडीचा.

"मी आज हिची चोरओटी भरायची म्हणून आणलं होतं, माई," ती म्हणाली. "तुम्हाला न सांगता. आता तुमच्यासमोरच भरते. पण हा नारळ बघा. शेंडीच नाही. इथल्या लोकांना काय कळतंय. अशा नारळानं ओटी भरायची म्हणजे..."

आता माईंच्या पिशवीतला नारळ बाहेर येणार, म्हणून मी उजवा खांदा पुढे केला. पण माई पिशवीकडे बघेनात. त्यांच्या पायाशी एक कोंबडी आली होती, तिच्याकडे बघत राहिल्या. शेवटी मीच पिशवी त्यांच्यासमोर ठेवली. ती टेकली आणि डुबुक झालं.

प्रमिलानं तो आवाज ओळखला. "माई?"

माईंनी पिशवी उघडली. मिरजेच्या बाजारातला, भरघोस शेंडीचा नारळ, जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला. बरोबर जरीकाठी खण.

"तुमच्याकडे शेंडीचा नारळ होता आणि तुम्ही गप्प?"

"घ्या तुम्ही तो," माई म्हणाल्या. "भरा ओटी. मी बसते बाजूला."

"अहो, तुम्ही इतका लांबून आणलाय तर तुम्हीच..."

"नको, प्रमिलाताई." त्यांचा आवाज एरवीच्या 'छे छे'सारखा नव्हता. "निनादचे वडील गेल्यापासून मी कुणाची ओटी भरली नाही. गावाकडे हळदीकुंकवाला गेले तरी आत स्वयंपाकघरात बसते. इथं म्हटलं, कोण ओळखतंय आपल्याला. हिला एकटीला गाठावं, पदरात ओंजळ टाकावी आणि कुणाला बोलू नये. डोंगर काय सांगायला येणार आहे मिरजेला? पण आता तुम्ही आहात. सवाष्ण आहात. तुम्हीच भरा."

आठवडाभर मी त्या दोघींचा आग्रह ऐकत होतो. त्यातला हा पहिला खरा नकार होता. प्रमिलानं माझ्याकडे पाहिलं. मी लिंबाच्या झाडाकडे पाहिलं. अशा वेळी पुरुषानं झाडाकडे बघणं बरं.

मग तिनं माईंचा हात मनगटाशी धरला, उठवलं, आणि तो शेंडीचा नारळ त्यांच्या ओंजळीत ठेवला.

"ऋजू, पदर कर."

ऋजूच्या अंगावर जीन्स होती. तिनं ओढणीसारखा गळ्यातला स्टोल सोडून पुढे धरला.

"आधी माई," प्रमिला म्हणाली.

"अहो, पण..."

"पण काय? माझ्या नारळाला शेंडी नाही, तुमच्या नारळाला आहे. देवीला काय बिनशेंडीचा चालणार आहे? भरा मुकाट्यानं."

माईंनी ओटी भरली. ओंजळीतले तांदूळ थोडे कोंबड्यांना गेले. त्यांच्यामागून प्रमिलानं भरली. नोन्नाला काय वाटलं कुणास ठाऊक. तीही उठली, झाडाचं एक मोठं लिंबू तोडलं आणि स्टोलमध्ये टाकलं. ऋजूनं तिघींना वाकून नमस्कार केला. वर माथ्यावर थोडा धूर होता. ती बहुधा बघत होती.

चहासारखं काहीतरी काळं, कडू पिऊन झाल्यावर प्रमिला म्हणाली, "एप्रिलमध्ये आपण दोघी येऊ."

"पलंग एकच आहे," माई म्हणाल्या.

"मी खाली झोपेन."

"छे छे. गुडघे तुमचे दुखतात. मी खाली झोपेन."

"तुमची कंबर काय धडधाकट आहे?"

निनाद कोंबड्यांकडून परत येत होता, तो ते ऐकून तिथूनच मागे फिरला.

"माझी एकच अडचण आहे," माई जरा वेळानं म्हणाल्या. "बाजीराव." बाजीराव हा त्यांचा बोका, पिवळा आणि अत्यंत तामसी. शेजाऱ्यांच्या हातचं खात नसे.

"त्यात काय," प्रमिला म्हणाली. "हे आहेत की."

हे म्हणजे मी. दोघींनी माझ्याकडे पाहिलं आणि प्रश्न मिटल्यासारख्या त्या लाडवांत डिंक किती घालायचा याकडे वळल्या. आठवडाभर 'तुम्ही या, तुम्ही या' चाललेलं होतं, त्यात मला कुणी एकदाही 'तुम्ही या' म्हटलं नव्हतं. आणि मागितल्याशिवाय मिळत नाही, हे ठाऊक असूनही मी मागितलं नाही. गाडीत ठेवलेल्या माझ्या पिशवीत एक डबी होती. त्यात सांगलीच्या सराफाकडून घडवून आणलेले चांदीचे वाळे होते. बायकोला सोबत म्हणून एप्रिलमध्ये आपणही यावं, आणि ते आपल्या हातानं बाळाच्या पायात घालावे, असा माझा आपला बेत होता. परतीच्या वाटेवर मी ती डबी प्रमिलाला दिली. "अगबाई, कधी केलेत?" म्हणाली आणि पर्समध्ये ठेवून दिली.

मागच्या वर्षी निनाद सांगलीला आला होता. अंगणात चहा पिता पिता मी त्याला विचारलं, "नोन्ना त्या दिवशी खरं काय म्हणत होती रे?"

तो हसायला लागला. "तुम्हाला कळलं होतं?"

"मला पाळणा पटला नव्हता."

"ती म्हणत होती, कोंबड्या त्या खबदाडांत अंडी घालतात. काढायला गेलं की कोपर खरवडतं. पण अंडी मोठी मिळतात."

"वाटलंच."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

काय सांगणार? पावती खोटी होती, पण शिल्लक बरोबर लागत होती. अशा वेळी जाणता तपासनीस पान उलटतो. ऋजूनं तेव्हा माझ्याकडे पाहिलं होतं, ते मी पान उलटेन याची खात्री करून घ्यायला.

तर शेवटचा हिशेब असा. ऋजूला एकीच्या जागी दोन आया मिळाल्या. निनादला तीन महिने दोघींच्या हातचं जेवण मिळालं. दोन्ही विहिणी त्या एका पलंगावर आळीपाळीनं झोपल्या आणि आता एकमेकींना फोन केल्याशिवाय त्यांना भाजी चिरवत नाही. माईंना सांगलीत चैत्रातल्या हळदीकुंकवाला प्रमिला हाताला धरून पुढच्या खोलीत बसवते. नोन्नाला हिरवा खण मिळाला. तिनं त्याचा टेबलावर रुमाल केला, असं ऋजूनं कळवलं.

मी ते तीन महिने मेसचा डबा खाल्ला, दोन घरांच्या तुळशींना पाणी घातलं आणि बाजीरावाचे ओरखडे मोजले. नात झाली ते मला फोनवर दिसलं, आधी छत, मग पंखा, मग दोघींची डोकी, आणि त्या डोक्यांच्या मधे थोडीशी ती. ती भारतात आली तेव्हा चालायला लागली होती. मी डबी उघडली आणि वाळे तिच्या पायाशी धरून पाहिले. बारशाला माईंनी घातले होते तेव्हा सैल झाले होते म्हणे. आता जात नव्हते.